हाइलमधला चांदीचा कोबी

परदेशातून आल्यावर लोक विचारतात, काय काय बघितलंत? मी सांगते, एक कोबी बघितला. लोक हसतात. मग मी त्यांना बसवते आणि पहिल्यापासून सगळं सांगते. इतक्या जणांना सांगून झालं की धाकटी जाऊ म्हणाली, वहिनी, तुम्ही हे लिहूनच काढा. मी गप्प बसावं हाच तिचा हेतू असणार, पण मला कल्पना पटली.

आमचं गाव हुपरी. कोल्हापूरजवळ. इथे घरटी एक तरी माणूस चांदीत हात घालून बसलेलं असतं. मी चाळीस वर्षं झाळकाम करते. म्हणजे चांदीचे दोन तुकडे विस्तवावर एकमेकांना जोडायचे. मध्ये जी लवकर वितळणारी चांदी घालायची तिला आम्ही डाख म्हणतो. दुकानाच्या पाटीवर सासऱ्यांचं नाव, बिलावर नवऱ्याचं, आणि झाळलेला प्रत्येक सांधा माझा. यात कुणी दुष्ट नाही, रीतच तशी आहे. पण व्हिसाच्या फॉर्मवर एजंटनं माझ्या नावापुढे ‘गृहिणी’ लिहिलं तेव्हा मनाला थोडं लागलं, हे कबूल करते.

माझी लेक वैशाली सौदीत हाइलला नर्स आहे. तिच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या बाईंकडे इटलीच्या कारागिरानं हातानं घडवलेलं चांदीचं सूपचं भांडं होतं, कोबीच्या आकाराचं. झाकण उचलायला वर एक गोगलगाय. घर बदलताना झाकण पडलं आणि गोगलगाय तुटली. रियाधच्या दुकानदारानं सांगितलं, इटलीला पाठवा, सहा-सात महिने लागतील. बाई भांडं उंबऱ्याबाहेर काढायला तयार नव्हत्या, कारण ते नवऱ्यानं आणलेलं आणि नवरा आता नाही. शिवाय नातीचा साखरपुडा तोंडावर आलेला. तेव्हा आमच्या लेकीनं त्यांना बिनधास्त सांगून टाकलं, “माझी आई करेल. ती येतेच आहे.”

मी फोनवर म्हणाले, “अगं, न बघताच शब्द दिलास व्हय?”

“आई, तू करतीस की नाही, येस ऑर नो?”

“करतो की!” आमच्याकडे बायकाही ‘करतो’च म्हणतात. पण फोन ठेवल्यावर झोप उडाली ती उडालीच.

रियाध

विमानतळावर माझी बॅग बाजूला घेतली. चटणी, लोणचं, भडंग यांना कुणी विचारलं नाही. तरुण अधिकाऱ्यानं बाहेर काढली ती माझी फुंकणी: वीतभर पितळी नळी, टोकाला वाकडी. याच नळीनं ज्योत फुंकून तिचं टोक सांध्यावर नेतात. आता गॅसच्या बत्त्या आल्यात, पण नाजूक कामाला मी अजून हीच वापरते. त्यानं ती उजेडात धरून आरपार बघितली. माझी इंग्रजी ‘गुड मॉर्निंग’पाशी संपते. मग मी एक बोट ज्योतीसारखं उभं धरलं, नळी तोंडाला लावून त्यावर फुंकलं, कानातलं दाखवलं, गळ्यातलं दाखवलं. त्याला काय कळलं देव जाणे, पण हसून त्यानं फुंकणी रुमालात पुन्हा जशी होती तशी गुंडाळून दिली. एवढं जपून तर आमच्या घरातही ती कुणी ठेवत नाही.

वैशाली न्यायला आली होती. हाइलची बस दुसऱ्या दिवशी, म्हणून सामान घ्यायला आम्ही बत्ह्याला गेलो. बत्हा म्हणजे निम्मा हिंदुस्तान आणि उरलेला बांगलादेश. मनी एक्स्चेंजपुढे रांगा, शेअर टॅक्सीवाल्यांची हाकाटी, आणि खानावळीतून येणारा तळलेल्या मासळीचा वास. रशीदभाई तिथे वाणसामान विकतात. गाव दाभोळ. मी चिंच, रिठे, तुरटी, टाकणखार, मुलतानी माती अशी यादी वाचली तशी त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“ताय, यातला निम्मा सामान आमटीचा नि निम्मा न्हाणीचा. तुमी करताव काय?”

मी सांगितलं. ते उठले, खुर्ची पुसून दिली. “म्हंजे तुमी आमच्यातल्याच. मी वीस वरसा पायपाचा वेल्डिंग केलाय. क्यांपात रवायचो. आमचा सांधा एक्सरे काढून बघत. आत येवढा जरी बुडबुडा दिसला तरी खलास, परत कापा.”

“आमचा सांधा गिऱ्हाईक नखानं बघतं,” मी म्हणाले. “नख अडलं की खलास.”

ते इतके हसले की दुकानातली माणसं बघायला लागली. ओळखीच्या दुकानातून त्यांनी छोटी गॅसची बत्ती आणून दिली आणि जाताना म्हणाले, “ताय, आपल्या मानसाचा काम हाय म्हनून सांगा हाइलवाल्यांना.” आपला माणूस! सातासमुद्रापार मला कुणी कारागीर म्हणून खुर्ची पुसून दिली, याचा आनंद मला बसमध्येही पुरला.

हाइल

वाटेत वाळू आधी पांढरट, मग विटकरी होत गेली. मध्येच त्या वाळूत गोल गोल हिरवी शेतं. वैशाली म्हणाली, गहू. मध्यभागी पाण्याचा पाइप आणि तो घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, म्हणून शेत गोल. बांधावरून भांडण लागायची सोयच नाही. हाइलजवळ तांबूस दगडाचे उघडेबोडके डोंगर आले. आमच्या पन्हाळ्याच्या डोंगरांना निदान गवताचं पांघरूण तरी असतं. पण संध्याकाळी तेच डोंगर आतून तापल्यासारखे लाल झाले आणि मी माझे शब्द मागे घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बाईंकडे गेलो. त्यांना सगळे उम्म सालेह म्हणतात, म्हणजे सालेहची आई. थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारणं हाच तिथे बाईचा मान. सत्तरीच्या, ठेंगण्या, हातावर मेंदीचा जुना रंग. सुनेनं वेलदोड्याची पिवळसर कॉफी कानाएवढ्या कपात दिली. संपला की भरायची, संपला की भरायची. यजमानाला नाही म्हणायचं नसतं या आपल्या संस्काराला जागून मी आठ कप प्याले. मग वैशाली कानात म्हणाली, “आई, पुरे असेल तर कप थोडा हलवायचा असतो.” हे तिनं पहिल्या कपाला सांगायला काय झालं होतं?

मग कोबी आला.

आम्ही चांदीची ताटं, तांबे, समया घडवतो. चांदीचा कोबी ही कल्पनाच मला पोरकट वाटली होती. पण तो समोर ठेवला आणि मी पुढे सरकून वाकले. एकेक पान वेगळं ठोकून काढलेलं, कडा मुरडलेल्या, पानांच्या शिरा बोटाला लागतील अशा. एका पानाला किडीनं खाल्लेलं भोकसुद्धा मुद्दाम ठेवलेलं. आणि ती पानं जिथे जोडली होती तिथे मी नख फिरवलं. अडलं नाही. दुसऱ्यांदा फिरवलं. नाहीच अडलं. मला त्या अनोळखी इटालियन माणसाचा हेवा वाटला आणि लगेच अभिमानही वाटला, की हे काम किती अवघड आहे ते या खोलीत फक्त मला कळतंय.

कसोटीच्या दगडावर घासून बघितलं तर चांदी आठशेची, म्हणजे हजारात आठशे भाग शुद्ध निघाली. तुटलेल्या जागी कुणीतरी झटपट चिकटणारा गोंद फासला होता.

उम्म सालेह वैशालीकडे न बघता थेट मला काहीतरी म्हणाल्या. वैशालीनं सांगितलं, “त्या म्हणतात, चाळीस वर्षं दर ईदला हे भांडं त्यांनी स्वतः टेबलावर ठेवलंय. नवरा गेल्यावर पहिलं मोठं कार्य हेच. भांडं नसेल तर पाहुण्यांत बसणं त्यांना जमणार नाही.”

“सांग त्यांना, जमंल,” मी म्हणाले.

झाकण

भांडं घराबाहेर जायचं नाही, म्हणून काम त्यांच्याच स्वयंपाकघरात. अडचण अशी की गोगलगाय करंगळीएवढी आणि झाकण चांगलं जाड. आच कमी पडली तर डाख गोळा होऊन बसतो. जास्त झाली तर बाकीच्या पानांचे जुने सांधे सुटतात. गोंद जाळून काढला. मुलतानी मातीचा लेप सगळ्या जुन्या सांध्यांवर दिला, म्हणजे तिथली चांदी हलत नाही. झाकण शेगडीवर हळूहळू तापवलं, मग बत्ती, आणि शेवटी फुंकणी. झाळकामात श्वास नाकानं घ्यायचा आणि गालात साठवलेला सोडायचा, ज्योत तुटू द्यायची नाही. सून दारात उभी राहून बघत होती. डाख चमकला, पळाला, गोगलगायीच्या पोटाखाली भरून बसला. नख फिरवलं. अडलं नाही.

इथेच मी थांबले असते तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

आगीनं झाकण काळंनिळं झालं होतं, ते चिंच-तुरटीच्या पाण्यात उकळणं भागच होतं. झाकण पांढरंशुभ्र निघालं आणि त्यापुढे खालचा कोबी मळकट दिसायला लागला. शिरांमध्ये काळं, पानांच्या बेचक्यात काळं. आमच्याकडे काळी चांदी म्हणजे घरातली बाई आळशी. हुपरीतून कुणाची वस्तू काळी परत जात नाही, उजळूनच द्यायची. उम्म सालेह दुपारच्या झोपल्या होत्या. मी म्हटलं, उठल्यावर चकित होऊ देत. सगळं भांडं उकळलं, रिठ्याच्या फेसात बुडवून पितळी ब्रशनं कानाकोपरा घासला. मोगऱ्यासारखं पांढरं केलं. पदरानं पुसून टॉवेलात गुंडाळलं आणि त्या उठल्यावर समोर धरलं.

त्यांनी टॉवेल बाजूला केला आणि भांडं सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. मग अरबीत एवढंसं काही म्हणाल्या, आणि वैशालीचा चेहरा पडला.

“काय म्हणतात?”

“विचारतात, हे कुणाचं आहे? माझं कुठे आहे?”

आणि त्या रडायला लागल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

मला राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. सांधा सोन्यासारखा केला, वर भांडं उजळून दिलं, आणि ही बाई रडते? वैशालीच्या क्वार्टरवर परतताना मी तिला म्हणाले, “त्यांना चांदीतलं कळत न्हाई.” वैशाली टॅक्सीच्या काचेतून बाहेर बघत म्हणाली, “आई, मी त्यांना शब्द दिला होता.”

अंडी

रागानं जेवण गेलं नाही. वैशालीच्या मोबाइलवर भांड्याचा आधीचा फोटो होता. भांडं किती मळकं होतं ते तिला दाखवावं म्हणून मी तो मोठा करून बघायला लागले आणि तोंडात मारल्यासारखं झालं.

तो मळ नव्हता. शीर जिथे जाड तिथे काळं गडद, शेंड्याकडे फिकट होत गेलेलं. किडीच्या भोकाभोवती काळी कड. गोगलगायीच्या शंखाच्या वळणात काळी रेघ. मळ असा सांगितल्यावाणी बसत नाही. त्या माणसानं चांदी मुद्दाम काळवून, मग उंच भाग पुसून पानांना सावली दिली होती. त्यावर चाळीस वर्षं या बाईंचे हात फिरले होते. मी दोघांचं काम एका दुपारी रिठ्यानं धुऊन टाकलं होतं. आमच्याकडेही आता काळ्या ‘ऑक्साइड’च्या दागिन्यांची फॅशन आहे. मीच त्याला नाक मुरडते, तोंडाला काळं फासणं म्हणते. इतकी वर्षं चांदीत घालवून माझी अक्कल पांढऱ्याच्या पुढे गेली नव्हती.

हुपरीत काळं करायचं औषध बाटलीत मिळतं. हाइलमध्ये कुणाला विचारणार? मग आठवलं, नणंदेनं एकदा चांदीच्या चमच्यानं अंडं खाल्लं आणि चमचा काळा पडला म्हणून घरभर आरडाओरडा केला होता. मी पायातलं एक जोडवं काढलं, उकडलेल्या अंड्याच्या चुऱ्याबरोबर डब्यात बंद केलं. सकाळी डबा उघडला. जोडवं काळं कुळकुळीत! मी इतकी खूश झाले की वैशालीला उठवून ते तिच्या नाकापुढे धरलं.

“आई, शी! वास काय येतोय!”

“येऊ दे. मला तुझ्या बाईंकडं ने. आधी मी माफी मागतो, मग पुढचं.”

उम्म सालेहच्या पुढ्यात मी जमिनीवरच बसले. म्हणाले, तुमच्या भांड्याचा सांधा बरोबर केला, पण भांडं मी बिघडवलं. आमच्याकडची सवय तुमच्या वस्तूवर चालवली. चूक माझी, मुलीची नाही. मग जोडवं दाखवलं. एक बाजू काळी, एक बाजू मी अंगठ्यानं पुसून उजळ केलेली. त्यांनी ते हातात घेतलं, माझ्या पायातल्या दुसऱ्या जोडव्याकडे बघितलं. “यल्ला,” म्हणाल्या, म्हणजे चला, लागा कामाला. एवढंच.

साखरपुडा दोन दिवसांवर, घर पाहुण्यांसाठी झाडूनपुसून तयार, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात मी चार डझन अंडी उकडली. कुस्करून मोठ्या प्लास्टिकच्या टबात पसरली, मध्ये वाट्या उपड्या घालून त्यावर कोबी आणि झाकण ठेवलं, टब बंद केला. तासाभरात गंधकाचा वास दिवाणखान्यापर्यंत गेला. सुनेनं उदाचं धुपाटणं पेटवून खोलीखोलीत फिरवलं. एकीकडे अरबस्तानातला भारी ऊद, दुसरीकडे माझी अंडी, आणि मध्ये वैशाली ओढणी नाकाला लावून. दुपारच्या नमाजानंतर मी टब उघडला. कोबी कुठे तपकिरी, कुठे निळा, बाकी सगळा काळा झाला होता. सुनेनं तोंडावर हात ठेवला. चूक दुप्पट झाली असंच तिला वाटलं असणार.

आता खरी परीक्षा. पुसायचं कुठे आणि किती? फोटोत सगळं दिसत नव्हतं, आणि काळं सगळीकडे सारखं पुसलं तर ते बाजारी दिसलं असतं. मग म्हणाले, “वैशाली, त्यांना बोलाव. म्हणावं, ईदला हे कपाटातून काढून टेबलावर कसं नेता, तसं धरून दाखवा.”

उम्म सालेह आल्या. काळ्या भांड्याकडे बघून जरा थबकल्या, मग दोन्ही हात त्यांनी आपोआप ठेवले: डावा तळवा खाली, उजव्या हाताची बोटं एका मोठ्या पानावर, अंगठा मुरडलेल्या कडेवर. मी त्यांच्या बोटांच्या टोकांना ओला खायचा सोडा लावला. “चोळा,” खुणेनं सांगितलं. त्यांनी चोळलं. अंगठ्याखालून चांदी वर आली, आणि आत शिरेपाशी काळं राहिलं. त्या पुढे सांगायची वाट न बघता चोळत गेल्या. जिथे त्यांचा हात सवयीनं जात होता तिथे उजेड, जिथे जात नव्हता तिथे सावली. मी शेंड्यांची आणि भोकाच्या कडेची नाजूक कामं केली. तीन तास आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून एक शब्द न कळता काम करत होतो. मध्येच त्यांनी गोगलगाय पुसून पुढे सरकवली आणि पहिल्यांदा हसल्या.

ते इटालियन माणसाचं जसंच्या तसं झालं असं मी म्हणणार नाही. दोन पानं थोडी जास्त गडद राहिली. पण ते त्यांचं भांडं होतं.

साखरपुडा

बायकांचा दिवाणखाना वेगळा. गालिचे, अत्तर, नटलेल्या तीसेक बायका. द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून शिजवलेला पदार्थ मला फार आवडला, आपल्या अळूवडीची चुलत बहीण. कोबीत गव्हाची मऊसूत खीरवजा जरीश, तूप आणि तळलेला कांदा घातलेली. तो कोबी उम्म सालेहनी स्वतः आणून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि त्याच्या शेजारची खुर्ची घेतली.

रियाधहून त्यांची नणंद आली होती. तिच्याकडे म्हणे अशी इटालियन भांडी कपाटभर आहेत. तिनं झाकण उचललं, गोगलगाय हलवून बघितली, उलटं केलं. वैशाली कानात सांगत होती. “विचारते, इटलीला कधी पाठवलं? उम्म सालेह म्हणतात, पाठवलंच नाही. इथेच झालं, हिच्या आईनं केलं.”

नणंदेनं माझ्याकडे बघितलं, मग पर्समधून चष्मा काढला. गोगलगायीच्या पोटाशी नख फिरवलं, मोबाइलची बत्ती लावून बघितलं, मान हलवली. तुटलं होतं कुठे, तिनं विचारलं. झाकण पुढच्या बाईकडे गेलं, तिच्याकडून तिसरीकडे. सगळ्या शोधत होत्या आणि उम्म सालेह मजेत बघत होत्या. फिरत फिरत झाकण माझ्या हातात आलं.

“आई, तू आता काही बोलू नकोस,” वैशाली पुटपुटली. “सापडत नाही यातच सगळं आलं ना.”

खरं होतं तिचं. आमच्या धंद्यात सांधा दाखवत नाहीत. चांगला सांधा दिसत नाही, आणि म्हणून तो करणाराही कुणाला दिसत नाही. चाळीस वर्षं मी हेच केलं, आणि चांगलं केलं. पण त्या दिवशी मला राहवेना. मी उठले, नणंदेचं बोट धरलं आणि गोगलगायीच्या पोटाखाली, बरोबर त्या केसाएवढ्या जागेवर टेकवलं.

“हितं,” मी म्हणाले. “हितं तुटलं हुतं. आणि ह्यो सांधा मी केलाय.”

वैशालीनं ते अरबीत सांगितलं, आणि मी म्हणाले होते त्याहून मोठ्यानं सांगितलं.